उदास मनाने टेकडीवर कसे जावे : पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेल्या माणसाच्या वाट्याला पहिल्या वर्षभरात कधी ना कधी असे दिवस येतात, की सकाळी उठावेसे वाटत नाही, डब्यातले जेवण गोड लागत नाही, घरून फोन आला तर काय बोलावे ते सुचत नाही आणि डोक्यात एकाच गोष्टीचे दळण सुरू राहते. अशा वेळी ‘जरा बाहेर फिरून ये’ असे सगळेच सांगतात. पण बाहेर म्हणजे कुठे, किती वेळ आणि तिथे जाऊन करायचे काय, हे सहसा कोणी सांगत नाही. मग नवखा माणूस गर्दीच्या रस्त्यावर किंवा एखाद्या मॉलमध्ये चक्कर मारतो आणि अधिकच वैतागून खोलीवर परत येतो. या शहराला मात्र वस्तीला लागून असलेल्या टेकड्या लाभल्या आहेत आणि मन सावरण्यासाठी त्यांचा उपयोग पद्धतशीरपणे करता येतो. ते कसे करावे, हे इथे क्रमाने सांगतो.

सुरुवात करण्यापूर्वी

मन खट्टू होणे आणि नैराश्याचा आजार यांत फरक आहे, आणि तो लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकून असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस पार आटला असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटणे आवश्यक आहे; टेकडी त्या उपचारांना हातभार लावू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. सुरू असलेली औषधे ‘आता बरे वाटते’ म्हणून स्वतःहून थांबवू नयेत. जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर एकट्याने निर्जन जागी जाऊ नये. जवळच्या माणसाला तसे स्पष्ट सांगावे आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा असून ती विनामूल्य आहे, दिवसरात्र सुरू असते आणि मराठीतूनही बोलता येते.

झाडांत गेल्याने नेमके काय होते

उदास मनाचा मोठा त्रास म्हणजे तेच ते विचार पुन्हा पुन्हा उगाळणे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात शहरात राहणाऱ्या ३८ जणांना दीड तास चालायला पाठवले होते. काही जण विखुरलेली झाडे असलेल्या गवताळ माळावरून चालले, तर काही जण वाहत्या हमरस्त्याच्या कडेने. माळावरून चालून आलेल्यांचे हे उगाळणे कमी झाले होते, आणि अशा विचारांशी संबंध असलेल्या मेंदूच्या एका भागातील हालचालही मंदावलेली दिसली. रस्त्याने चालून आलेल्यांमध्ये तसा बदल आढळला नाही. विखुरलेली झाडे आणि गवताळ माळ हे वर्णन पुण्याच्या टेकड्यांनाही जसेच्या तसे लागू पडते.

यामागचे कारण मानसशास्त्रज्ञ स्टीफन आणि रेचल कॅपलन यांनी त्याआधीच मांडले होते. अभ्यास, संगणकावरचे काम आणि रस्ता ओलांडणे यांसाठी आपल्याला लक्ष बळेच एका जागी धरून ठेवावे लागते, आणि ती शक्ती दिवसभरात थकते. हलणारी पाने, ढग, पक्ष्यांची ये-जा या गोष्टी लक्ष वेधतात, पण ते वेठीस धरत नाहीत. त्यामुळे त्या थकलेल्या शक्तीला विसावा मिळतो.

किती वेळ पुरेसा, हाही प्रश्न असतोच. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये प्रकृती आणि समाधान चांगले असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते, आणि हा वेळ एकदम घालवला की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नव्हता. यावरून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही, कारण मुळात बरे वाटत असलेली माणसे अधिक बाहेर पडत असणेही शक्य आहे. तरीही आठवड्याला दोन तास हे सुरुवातीसाठी ठरवण्याजोगे आणि झेपण्याजोगे उद्दिष्ट आहे.

पहिली पायरी : जवळची जागा ठरवणे

जागा निवडताना सौंदर्यापेक्षा अंतराला महत्त्व द्यावे. मन ठिकाणावर नसताना दोन बस बदलून जायची जागा कितीही रम्य असली तरी आपण तिथे जात नाही, आणि न गेल्याची खंत मात्र उरते. कोथरूड, पौड रस्ता, पाषाण, गोखलेनगर किंवा सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्यांना वेताळ टेकडी जवळ पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी शहरातील सर्वांत उंच जागा असून तिच्यावर चढायच्या वाटा अनेक बाजूंनी आहेत. माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे आणि दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साठलेले असते. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या परिसरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मागची हनुमान टेकडी, सहकारनगर-धनकवडीकडच्यांना तळजाई, तर बाणेर-औंधच्या बाजूला असणाऱ्यांना बाणेरची टेकडी सोयीची आहे. गुडघे दुखत असतील किंवा चढ झेपत नसेल, तर कॅम्पच्या बाजूचे एम्प्रेस गार्डन किंवा पाषाण तलावाचा काठ निवडावा; एम्प्रेस गार्डनमध्ये तिकीट काढावे लागते, पण तिथल्या जुन्या विशाल वृक्षांखाली नुसते बसून राहिले तरी काम भागते.

रविवारी सिंहगडावर किंवा पावसाळ्यात लोणावळ्याला जावे, असे सहकारी हटकून सुचवतील. त्या जागा सुंदर आहेत यात वाद नाही. पण उदास माणसाने सुट्टीच्या दिवशी तिकडे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. वाहतूक कोंडी, मोठ्या आवाजातली गाणी आणि हसऱ्या घोळक्यांच्या मधोमध आपणच तेवढे वेगळे असल्याची जाणीव, यांतून एकटेपणा वाढतो.

दुसरी पायरी : निघणे

सगळ्यांत अवघड पायरी हीच आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. मन उदास असताना ‘जाऊन काय होणार आहे’ हा विचार येतो आणि तो अगदी खरा वाटतो. कॅनडातील कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकी हीच गोष्ट तपासली आणि २०११ साली मांडली. चालायला निघण्याआधी माणसांना विचारले, की फिरून आल्यावर तुम्हाला किती बरे वाटेल. आणि परतल्यावर प्रत्यक्षात किती बरे वाटले, तेही विचारले. झाडांमधून चालून आलेल्यांना स्वतःच्या अंदाजापेक्षा बरेच अधिक बरे वाटले होते. म्हणजे बाहेर पडण्याने काय होईल याचा आपला अंदाज मुळातच कमी असतो, आणि उदासपणात तो आणखी खाली जातो. त्या क्षणीच्या इच्छेवर निर्णय सोपवणे म्हणूनच योग्य नव्हे.

याला उपाय असा, की मन त्यातल्या त्यात बरे असेल तेव्हाच वार आणि वेळ ठरवून ठेवावी. आदल्या रात्री बूट, पाण्याची बाटली आणि टोपी दाराशी ठेवावी. अगदीच उठवत नसेल तर टेकडी चढायची नाही, फक्त पायथ्यापर्यंत जायचे, एवढेच कबूल करावे आणि पायथ्यावरून परतावेसे वाटले तर खुशाल परतावे. निघताना एका छोट्या वहीत मनाची अवस्था दहापैकी किती गुणांची आहे ते लिहावे आणि परत आल्यावर पुन्हा लिहावे. काही आठवड्यांनी ते आकडे शेजारी-शेजारी पाहिले, की जाऊन काही होत नाही असे मन म्हणू लागल्यावर दाखवायला आपलाच पुरावा हाताशी असतो.

वेळ आणि ऋतू

मार्च ते मे या काळात सकाळी आठच्या आत खाली उतरावे किंवा संध्याकाळी ऊन कलल्यावर निघावे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहाटेच्या अंधारात घाई करण्याचे कारण नाही. उलट कोवळे ऊन अंगावर घेणे मनासाठी चांगले. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात, तेव्हा चांगली पकड असलेले बूट घालावेत, खाणीच्या काठाशी किंवा पाण्यात अजिबात जाऊ नये, आणि ढगांचा गडगडाट ऐकू येताच माथा सोडून खाली यावे. विजा चमकत असताना एकट्या झाडाखाली थांबणे जिवावर बेतू शकते.

वनखात्याच्या हद्दीत प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असू शकतात. फाटकावरचा फलक वाचावा आणि अंधार पडण्याच्या आत परतावे. टेकड्यांवर एकट्या-दुकट्याला लुबाडण्याचे प्रकार घडलेले आहेत. विशेषतः मुलींनी आणि नव्याने जाणाऱ्यांनी सकाळची वर्दळीची वेळ आणि रुळलेली वाट धरावी. कुठे जातो आणि कधी परत येणार हे खोलीतल्या जोडीदाराला सांगून जावे, दागिने आणि जास्तीचे पैसे घरी ठेवावेत. संकटात ११२ क्रमांकावर पोलिसांची मदत मिळते.

कपड्यांविषयी एकच सूचना. पावसाळा संपला की टेकडीवरचे गवत वाळते आणि त्याची कुसळे मोज्यांत, पायजम्याच्या कडेला घुसून दिवसभर टोचत राहतात; म्हणून पूर्ण लांबीची, गुळगुळीत कापडाची पँट घालावी. दगड उचलू नयेत, गवतात हात घालू नये आणि पाय कुठे पडतो याकडे लक्ष असावे, कारण नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. साप दिसला तर जागीच थांबून त्याला जाऊ द्यावे.

तिसरी पायरी : वर गेल्यावर काय करावे

फोन बरोबर असावा, पण आवाज बंद करून खिशात. कानांत गाणी लावून चालणारी बरीच मंडळी टेकडीवर दिसतात. व्यायामासाठी ते ठीक आहे, मात्र मनाला उभारी आणण्याच्या हेतूने आला असाल तर कान मोकळे ठेवावेत. पहिली दहा-पंधरा मिनिटे काहीही साधण्याचा प्रयत्न करू नये. डोक्यातले दळण तेवढा वेळ सुरूच राहणार, ते थांबवायला गेले की वाढते. त्याला सोबत घेऊनच सावकाश चालावे. चालण्याचा वेग असा असावा, की धाप न लागता दोन वाक्ये बोलता येतील.

मग वाटेपासून थोडे बाजूला, पण इतरांच्या नजरेच्या टप्प्यात असेल अशी जागा पाहून बसावे आणि डोळ्यांना काम द्यावे. नवख्यांना नेमके इथे अडते. ‘निसर्गाचा आनंद घ्या’ असे कोणी म्हटले की नेमके काय पाहायचे ते कळत नाही, आणि आनंद होत नाही म्हणून आणखी अपराधी वाटू लागते. आनंद मिळवणे हे इथले काम नाही, पाहणे हे काम आहे. नजर एका लहानशा गोष्टीवर ठेवावी आणि तिच्याविषयी आपल्याला ठाऊक नसलेले काही तरी शोधून काढावे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेला पळस दिसला, तर दुरून ‘छान केशरी झाड’ म्हणून पुढे न जाता त्याच्या खाली जावे. पाने गळून गेलेली असतात आणि खाली फुलांचा सडा असतो. एक फूल उचलून पाहावे : देठाकडची वाटी काळपट, मखमलीसारखी लवदार आणि तिच्यातून बाहेर आलेली केशरी पाकळी राघूच्या चोचीसारखी वळलेली. मग मान वर करून पाच मिनिटे थांबावे. फुलातल्या मधासाठी चिमुकला शिंजीर पक्षी येतो, बुलबुल येतात, साळुंक्या भांडतात, कोतवाल पक्षी मध्येच सगळ्यांना हुसकावतो. कोण फुलात तोंड घालते, कोणाच्या कपाळाला पराग लागतात आणि कोण किती वेळ टिकते, हे पाहताना काही मिनिटे आपली स्वतःची गोष्ट बाजूला पडलेली असते. ती तेवढी काही मिनिटेच हवी आहेत.

पावसाळ्यात पुण्याच्या आसपास ओढ्यांच्या आणि विहिरींच्या काठच्या बाभळींवर सुगरणीची घरटी लोंबताना दिसतात. नीट पाहिल्यास त्यांतली काही अर्धवट, शिरस्त्राणाच्या आकाराची असतात. घरटे विणतो तो नर. गवताच्या पात्याची लांब पट्टी तो चोचीने सोलून आणतो, गाठी मारत अर्धे घरटे तयार करतो आणि मग पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी आत जाऊन तपासणी करते. तिला पसंत पडले तरच तो खालची अंड्यांची खोली आणि लांब नळीसारखे दार पूर्ण करतो. नाही तर ते घरटे तसेच सोडून नवे विणायला घेतो. अर्ध्या तासात यातला एखादा टप्पा तरी बघायला मिळतोच. जूनच्या पहिल्या पावसानंतर जमिनीवर लाल मखमली मृगाचे किडे निघतात. ते थोडेच दिवस दिसतात, म्हणून त्या आठवड्यात खाली बघत चालावे, आणि त्यांना पकडून डबीत भरू नये.

डोळे थकले की कानांकडे वळावे. डोळे मिटून सर्वांत दूरचा आवाज कोणता, सर्वांत जवळचा कोणता, ते शोधावे. रहदारीचा घों-घों आवाज वेताळ टेकडीवरही येतोच. त्यावर चिडण्यापेक्षा त्याच्या अलीकडचे आवाज वेगळे काढावेत. तांबटाचे लयीतले टुक-टुक, सातभाईंचा कलकलाट, मोराची दूरवरची केका. पक्ष्यांची नावे येत नसली तरी बिघडत नाही. सुरुवातीला नावांच्या मागे लागल्यास पुन्हा परीक्षेसारखे वाटू लागते. नावे सवयीने येतात.

आणि रडू आले तर येऊ द्यावे. टेकडीवर येणारी जुनी माणसे समजूतदार असतात, ती विचारपूस करत नाहीत.

चौथी पायरी : जागा न बदलणे

नवखे लोक दर आठवड्याला नवी जागा शोधतात. माझे मत याच्या उलट आहे. एकच वाट आणि त्या वाटेवरचे एकच झाड ठरवावे आणि दरवेळी तिथे थोडे थांबावे. बहावा असेल तर वैशाखात पिवळे घोस, मग लांब शेंगा, पुढे काळ्या पडलेल्या शेंगा. पांगारा असेल तर आधी निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले आणि नंतर नवी पालवी. बदल टिपायला एका जागेची ओळख व्हावी लागते, आणि परगावाहून आलेल्या माणसाला या शहरात ‘आपले’ म्हणावे असे पहिले काही तरी बहुधा असेच मिळते. वेताळ टेकडीवरून जाणारा बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि त्याच टेकडीतले बोगदे यांच्या प्रस्तावांविरुद्ध २०२३ साली पुण्यात मोठ्या संख्येने नागरिक रस्त्यावर उतरले, त्यामागे अशीच वर्षानुवर्षांची ओळख होती.

आठवड्याचे दोन तास कसे वाटायचे, हे कामाच्या वेळांवर ठरवावे. दोन वेळा अर्धा तास आणि सुट्टीच्या दिवशी एक तास, ही वाटणी बहुतेकांना जमते. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात त्याची भरपाई करायला जाऊ नये. पुढच्या ठरलेल्या वारी नेहमीप्रमाणे निघावे. टेकडीवर विडी-सिगारेट ओढू नये, कारण वाळलेल्या गवतात एक ठिणगीही वणवा पेटवायला पुरते, आणि आपण नेलेला कचरा आपणच खाली आणावा.

रात्रपाळीमुळे, आजारपणामुळे किंवा संततधार पावसामुळे बाहेर पडणे अशक्य असेल तेव्हा खिडकी वापरावी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची नोंद रॉजर उलरिच यांनी तपासली होती. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली, असे त्यांनी १९८४ साली मांडले. म्हणून भाड्याची खोली शोधताना शक्य असेल तर झाड दिसणारी खिडकी मागावी, आणि पलंग नाही तरी खुर्ची तिच्याकडे तोंड करून ठेवावी.

दुसऱ्या कोणाला न्यायचे असेल तर

खोलीतला जोडीदार किंवा कार्यालयातली मैत्रीण गप्प-गप्प झालेली दिसली, तर ‘जरा बाहेर पड म्हणजे बरे वाटेल’ असे न सांगता ‘मी उद्या सात वाजता टेकडीवर जातोय, खाली येऊन हाक मारू का?’ असे विचारावे. सल्ला ऐकून उठण्याइतकी ताकद त्या माणसात नसते, पण दाराशी आलेल्याबरोबर चार पावले चालणे जमू शकते. वाटेत कारण विचारू नये, स्वतःचे अनुभव सांगून तुलना करू नये, आणि ‘बघ, किती छान आहे’ असे सारखे म्हणू नये. तो बोलला तर ऐकावे, नाही बोलला तर तसेच चालावे. वेग त्याच्या पायांचा ठेवावा आणि तो म्हणेल तिथून मागे फिरावे. खाली उतरल्यावर चहा घ्यावा आणि पुन्हा कोणत्या वारी जायचे ते तिथेच ठरवून टाकावे. तो नाही म्हणाला तर त्या दिवशी आग्रह न करता पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे.